शृंखलेत दूर, घडीत शेजारी : प्रथिनांतील अवशेष-संपर्कांच्या अभ्यासाची प्रस्तावना

प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची एकसलग शृंखला, आणि त्या शृंखलेतील क्रम एकदा कळला की प्रथिन कळले, असा समज पाठ्यपुस्तकांतून नकळत रुजत आलेला आहे. परंतु पेशीत प्रत्यक्ष काम करते ती ताणून सरळ केलेली शृंखला नव्हे, तर तिची ठरावीक घडी, आणि त्या घडीत शृंखलेच्या दोन टोकांकडील अमिनो आम्लेही एकमेकांना खेटून बसलेली असू शकतात. वीस प्रकारच्या अमिनो आम्लांपैकी प्रत्येकाचा कणा सारखाच असतो. वेगळी असते ती कण्यावरून बाजूला निघणारी पार्श्वशृंखला. एका आम्लाचा अमिनो गट आणि दुसऱ्याचा कार्बॉक्सिल गट यांच्यात पेप्टाइड बंध जुळताना पाण्याचा एक रेणू बाहेर पडतो, आणि पाणी वजा जाता शृंखलेत त्या आम्लाचा जो भाग उरतो त्याला ‘अवशेष’ म्हणतात. हा शब्द मराठीत उद्ध्वस्त वास्तूंची आठवण करून देतो खरा, पण येथे तो शब्दशः ‘उरलेला भाग’ एवढ्याच अर्थाने घ्यायचा आहे. अशा दोन अवशेषांमधील जवळीक कशी मोजावी, तिची नोंद कशी ठेवावी आणि त्या नोंदीतून प्रथिनाच्या वागण्याविषयी काय वाचता येते, हा प्रस्तुत पुस्तकाचा विषय आहे.

क्रमातील अंतर आणि अवकाशातील अंतर यांतील भेद भिवंडी तालुक्यातील खारबावच्या वाचकाला नकाशा न उघडताही उमगेल. खारबाव हे वसई रोड–दिवा रेल्वेमार्गावरील भिवंडी रोड आणि कामण रोड यांच्या मधले स्थानक. त्याच्या दक्षिणेला उल्हास नदीच्या मुखाची खाडी आणि खाडीपलीकडे ठाण्याच्या घोडबंदर रस्त्यावरील कासारवडवली. कासारवडवलीहून खारबावला गाडीने निघालेल्या माणसाला कापूरबावडी, बाळकुम, कशेळी, काल्हेर, पूर्णा, अंजूरफाटा असा वळसा घेऊन यावे लागते, म्हणजे रस्त्याच्या क्रमात ही दोन गावे दोन टोकांना पडतात. आणि तरीही पाण्यावरून पाहिले तर ती एकमेकांच्या समोर आहेत. या दोन ठिकाणांना थेट जोडणारा खाडीपूल मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाने आखलेला आहे. प्रथिनाची शृंखला अशीच वळसे घेत जाते, आणि ज्या ठिकाणी ती स्वतःच्याच दूरच्या भागासमोर येते तेथे जो दुवा जुळतो त्याला ‘दूरपल्ल्याचा संपर्क’ म्हणतात. येथे ‘दूर’ हा शब्द शृंखलेतील क्रमाला उद्देशून आहे, अवकाशातील अंतराला नाही. घडी टिकते ती मुख्यतः अशा दुव्यांमुळे, म्हणून क्रमात शेजारी असलेल्या अवशेषांची जवळीक अभ्यासकाला फारसे काही सांगत नाही. ते पेप्टाइड बंधाने बांधलेलेच असतात आणि त्यांच्या कण्यावरील अल्फा-कार्बनांमधील अंतर बहुतेक सर्वत्र ३.८ अँगस्ट्रॉमच भरते. अँगस्ट्रॉम हे या विषयाचे माप. मिलिमीटरचे एक कोटी भाग केले तर त्यातील एक भाग म्हणजे एक अँगस्ट्रॉम.

आता मूळ प्रश्न असा की दोन अवशेष ‘संपर्कात आहेत’ असे केव्हा म्हणायचे. अणूंना कुंपण नसते, त्यांच्यातील आकर्षण अंतराबरोबर क्रमाने क्षीण होत जाते, आणि निसर्गाने कुठेही रेघ ओढून ‘येथवर संपर्क, येथून पुढे नाही’ असे सांगितलेले नाही. रेघ अभ्यासक ओढतो. सर्वांत सोप्या पद्धतीत प्रत्येक अवशेषाचा एकच प्रतिनिधी अणू, म्हणजे कण्यावरील अल्फा-कार्बन किंवा पार्श्वशृंखलेचा पहिला कार्बन असलेला बीटा-कार्बन, निवडतात आणि दोन प्रतिनिधींमधील अंतर ८ अँगस्ट्रॉमच्या आत असले तर संपर्क मानतात. ग्लायसीनला बीटा-कार्बन नसल्याने त्याच्यापुरता अल्फा-कार्बन धरतात. दुसऱ्या पद्धतीत हायड्रोजन वगळून दोन्ही अवशेषांतील सर्व अणूंच्या जोड्या तपासतात आणि कोणतीही एक जोडी साधारण ४.५ किंवा ५ अँगस्ट्रॉमच्या आत आली तर संपर्काची नोंद करतात. पहिली पद्धत सुटसुटीत असून पार्श्वशृंखलांचे तपशील धूसर असले तरी चालते. दुसरी पद्धत स्पर्शाच्या अधिक जवळ जाते, पण एखादा अणू थोडा सरकला तरी तिची यादी बदलते. तिसरी पद्धत अणूंभोवती जागेची वाटणी करून ज्यांच्या वाट्याची भिंत सामाईक निघते त्यांना शेजारी ठरवते, आणि तिला कोणतीही ठरावीक मर्यादा लागत नाही.

या निवडीचा परिणाम एका जोडीवरच पाहता येईल. प्रथिनाच्या रचनेची नोंद ज्या फाइलीत असते तिच्यात प्रत्येक अणूला एक ओळ दिलेली असते, आणि त्या ओळीत अणूचे नाव, अवशेषाचे नाव, शृंखलेचे अक्षर, अवशेषाचा क्रमांक आणि त्यापुढे क्ष, य, झ या तीन दिशांमधील स्थाने अँगस्ट्रॉममध्ये लिहिलेली असतात. समजा, दोन बीटा-कार्बनांच्या स्थानांतील फरक अनुक्रमे २, ३ आणि ६ अँगस्ट्रॉम आला; त्यांचे वर्ग ४, ९ आणि ३६, त्यांची बेरीज ४९, आणि वर्गमूळ ७. आठची मर्यादा घेणाऱ्याच्या यादीत ही जोडी येईल, साडेसहाची घेणाऱ्याच्या यादीत येणार नाही, आणि सर्व अणू तपासणाऱ्याकडे ती येईल की नाही हे त्या दोन पार्श्वशृंखला समोरासमोर वळल्या आहेत की पाठीला पाठ लावून बसल्या आहेत यावर अवलंबून राहील. तिघांचीही गणिते बरोबर आहेत. म्हणून संपर्कांची यादी कधीही तिच्या व्याख्येवाचून छापू नये, आणि व्याख्या न देता ‘या प्रथिनात इतके संपर्क आहेत’ असे सांगणाऱ्या लेखातील आकडा कितीही नेमका दिसला तरी त्यावर विसंबू नये, हा या पुस्तकाचा आग्रह आहे आणि त्याची प्रकरणे त्याच आग्रहाभोवती रचलेली आहेत.

सर्व जोड्या तपासून झाल्या की त्यांचा चौरस तक्ता तयार होतो. १४६ अवशेषांच्या एका शृंखलेत १०,५८५ वेगवेगळ्या जोड्या संभवतात. आडव्या आणि उभ्या दोन्ही बाजूंवर अवशेषांचे क्रमांक मांडून संपर्कात असलेल्या जोडीच्या चौकटीत ठिपका दिला की संपर्क-नकाशा होतो. सरावलेल्या डोळ्याला या ठिपक्यांत घडी दिसू लागते. अल्फा-सर्पिलात, म्हणजे साधारण दर ३.६ अवशेषांना एक वेढा पुरा करणाऱ्या मळसूत्री भागात, प्रत्येक अवशेष आपल्यापुढच्या तिसऱ्या-चौथ्याजवळ येतो, म्हणून नकाशाच्या कर्णाला लागून जाडसर पट्टा उमटतो. शृंखलेचे दोन धागे विरुद्ध दिशांनी शेजारून जात बीटा-पत्रक करीत असतील तर कर्णाला काटकोनात जाणारी रेघ दिसते, आणि एकाच दिशेने जात असतील तर कर्णाला समांतर अशी दूरची रेघ दिसते. तीन मितींची आकृती दोन मितींच्या कागदावर आणताना सहसा बरेच काही हरवते. येथे मात्र नेमकी अंतरे नोंदवली असतील तर तक्त्यावरून मूळ आकृती पुन्हा उभारता येते, फक्त तिचे आरशातील प्रतिबिंब आणि ती स्वतः यांतला फरक तेवढा तक्ता सांगू शकत नाही.

मोजणी झाली तरी सर्व संपर्क एका जातीचे नसतात. दोन सिस्टीनांच्या गंधक-अणूंमध्ये खराखुरा रासायनिक बंध जुळतो आणि ते अंतर जेमतेम २ अँगस्ट्रॉम असते. हायड्रोजन-बंधात देणारा आणि घेणारा अणू साधारण साडेतीनच्या आत येतात. पाण्यापासून दूर राहू पाहणाऱ्या व्हॅलिन, ल्युसिन, फेनिलअॅलनिन यांच्या पार्श्वशृंखला घडीच्या गाभ्यात एकमेकींना चिकटून बसतात आणि त्यांची जवळीक कोणत्याही एका बंधाच्या नावाने सांगता येत नाही. लायसिन किंवा आर्जिनिन यांचा धन प्रभार आणि अॅस्पार्टिक किंवा ग्लुटामिक आम्लाचा ऋण प्रभार ४ अँगस्ट्रॉमच्या आत समोरासमोर आले की त्या जोडीला लवणसेतू म्हणतात. खाडीलगतच्या जमिनीला खारबांध घालून, उघाडीतून भरतीचे पाणी अडवून भातशेती करणाऱ्या मुलखात या शब्दाचा अर्थ समजावताना एक गोष्ट आवर्जून सांगितली पाहिजे, ती ही की लवणसेतूला लवण मानवतेच असे नाही. पाण्यात मिठाचे प्रमाण वाढले की सुटे प्रभारित कण दोन प्रभारांच्या मध्ये पडद्यासारखे उभे राहतात आणि उघड्यावरचे आकर्षण दुबळे होते. गाभ्यात दडलेल्या लवणसेतूवर हा परिणाम कमी जाणवतो. एकाच अंतरावरचे दोन सेतू एकाच ताकदीचे नसतात, ते यामुळेच, आणि अंतराच्या रकान्याशेजारी तो अवशेष किती उघडा आहे याचाही रकाना ठेवावा लागतो.

जवळीक मोजण्याच्या या शास्त्रात भारतीय विचाराचा वाटा पायाशीच आहे. मद्रास विद्यापीठात गो. ना. रामचंद्रन, रामकृष्णन आणि शशिशेखरन यांनी १९६३ साली जो आलेख प्रसिद्ध केला आणि जो आज जगभर रामचंद्रन आलेख म्हणून ओळखला जातो, तो मुळात संपर्कांचाच हिशेब होता, फक्त उलट बाजूने मांडलेला. दोन अणू किती जवळ आले तर ती जवळीक अशक्य ठरते, हे त्यांनी लहान रेणूंच्या स्फटिकांवरून ठरवले, उदाहरणार्थ बंधाने न जोडलेल्या दोन कार्बनांसाठी सामान्य मर्यादा ३.२ आणि टोकाची ३.० अँगस्ट्रॉम, आणि मग कण्याचे दोन कोन फिरवत कोणत्या स्थितीत कोणतेही दोन अणू या मर्यादेखाली येत नाहीत हे तपासले. संपर्काची वरची मर्यादा वादाची असली तरी खालची मर्यादा अशी भक्कम आहे. अमेरिकेत ख्रिश्चन अॅनफिन्सन यांनी रायबोन्युक्लिएज या १२४ अवशेषांच्या प्रथिनावर केलेले प्रयोग दुसऱ्या बाजूने हेच सांगतात. त्यातील आठ सिस्टीनांच्या चार जोड्या १०५ प्रकारे लागू शकतात, पण घडी मोडून मग योग्य परिस्थितीत मोकळी सोडली की प्रथिन त्यातील नेमका मूळचाच प्रकार निवडते. कोणी कोणाशेजारी बसायचे हे क्रमातच लिहिलेले आहे, या निष्कर्षासाठी अॅनफिन्सन यांना १९७२ साली नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला.

एकाच संपर्काने किती मोठा फरक पडतो याचे महाराष्ट्राच्या दृष्टीने सर्वांत जवळचे उदाहरण सिकलसेल आजाराचे आहे, आणि पुस्तकात त्याला दिलेली जागा इतर कोणत्याही उदाहरणापेक्षा जास्त आहे. नंदुरबारच्या भिल्ल-पावरा वस्त्यांपासून गडचिरोलीच्या माडिया-गोंड गावांपर्यंत हा आजार घराघरांत माहीत आहे. हिमोग्लोबिन हे चार शृंखलांचे प्रथिन, १४१ अवशेषांच्या दोन अल्फा आणि १४६ अवशेषांच्या दोन बीटा. यांतील बीटा शृंखलेच्या सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन आले की सिकलसेलचे हिमोग्लोबिन तयार होते. लायनस पॉलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४९ मध्ये या हिमोग्लोबिनाचा विद्युतप्रभार वेगळा असल्याचे दाखवून त्याला रेणूचा आजार म्हटले, आणि व्हर्नन इंग्रॅम यांनी केंब्रिजमध्ये १९५६-५७ या काळात तो बदल एकाच अवशेषाचा असल्याचे सिद्ध केले. क्रमाच्या भाषेत गोष्ट येथे संपते. मात्र सहावा अवशेष रेणूच्या पृष्ठभागावर आहे, ऑक्सिजन जेथे बसतो त्या हीमपासून तो दूर आहे, आणि हा रेणू ऑक्सिजन वाहून नेतोही. मग रक्तपेशी कोयत्यासारखी वाकडी का व्हावी, याचे उत्तर क्रमात मिळत नाही.

ते मिळते संपर्कात, आणि तेही रेणूच्या आतल्या नव्हे तर शेजारच्या रेणूशी होणाऱ्या संपर्कात. ऑक्सिजन सुटला की हिमोग्लोबिनाच्या चार शृंखला एकमेकींच्या संदर्भात किंचित फिरतात, काही लवणसेतू नव्याने जुळतात (बीटा शृंखलेच्या शेवटच्या, १४६व्या हिस्टिडिनचा ९४व्या अॅस्पार्टिक आम्लाशी होणारा सेतू त्यातलाच), आणि या बदललेल्या ठेवणीत एका रेणूचे सहावे व्हॅलिन शेजारच्या रेणूच्या बीटा शृंखलेतील ८५वे फेनिलअॅलनिन आणि ८८वे ल्युसिन यांच्या मधल्या खळग्यात जाऊन बसते. पाणी टाळणाऱ्या तीन पार्श्वशृंखलांची ती बैठक असते. तेथे ग्लुटामिक आम्ल असते तर त्याचा ऋण प्रभार पाण्याकडे ओढ घेत राहिला असता आणि खळगा रिकामाच राहिला असता. व्हॅलिन मात्र बसते, एका रेणूला दुसरा, दुसऱ्याला तिसरा असे रेणू जोडले जातात, रेणूंच्या दुपदरी रांगा बनतात आणि अशा सात दुपदरी रांगा एकमेकींभोवती वळून चौदा पदरांचा ताठ दोर तयार होतो, जो पेशीला आतून ताणून वाकडे करतो. प्रत्येक रेणूत अशी व्हॅलिने दोन असतात, परंतु दुपदरी रांगेतील हा आडवा संपर्क त्यांपैकी एकच करते, दुसरे मोकळे राहते. हा तपशील नुसत्या क्रमावरून कोणालाही सुचला नसता.

गावपातळीवर होणारी विद्राव्यता चाचणी ही खरे तर या संपर्काचीच चाचणी आहे. बोटातून घेतलेले रक्ताचे थेंब ज्या द्रावणात मिसळतात त्यातील डायथायोनाइट ऑक्सिजन काढून घेते. मग सिकलसेलचे हिमोग्लोबिन दोरांच्या रूपाने विरघळेनासे होते, द्रावण गढूळ होते आणि नळीमागे धरलेल्या कागदावरच्या काळ्या रेघा दिसेनाशा होतात. सहा, पंच्याऐंशी आणि अठ्ठ्याऐंशी या तीन अवशेषांची भेट अशी नुसत्या डोळ्यांना दिसते. त्यानंतरची, विद्युतक्षेत्रात हिमोग्लोबिने प्रभारानुसार वेगळी करणारी इलेक्ट्रोफोरेसिसची चाचणी मात्र संपर्काची नव्हे, तर गेलेल्या ऋण प्रभाराची असते, म्हणूनच ती वाहक आणि रुग्ण यांतला फरक सांगू शकते, जो पहिली चाचणी सांगू शकत नाही. याच नकाशावर आणखी एक क्रमांक लक्षात ठेवण्याजोगा आहे, तो म्हणजे सत्याऐंशी. प्रौढांच्या बीटा शृंखलेत तेथे थ्रिओनिन असते, तर गर्भावस्थेतील हिमोग्लोबिनाच्या गॅमा शृंखलेत ग्लुटामिन असते. ही जागा दोर विणणाऱ्या खळग्याला लागूनच असल्याने हा फरक रांग जुळू देत नाही. भारतातील अनेक सिकलसेल रुग्णांमध्ये गर्भावस्थेतील हिमोग्लोबिन मोठेपणीही बऱ्यापैकी टिकून राहते आणि त्यांचा आजार त्यामानाने सौम्य राहण्याचे ते एक कारण मानले जाते, जरी विदर्भातील तीव्र आजाराचे रुग्ण पाहता या सौम्यतेचा सरसकट भरवसा धरणे योग्य नाही.

दुसरे उदाहरण खारबावच्या अगदी उंबऱ्यातले आहे. भिवंडीच्या यंत्रमागांवर ताण्याचे धागे चढण्याआधी ते सायझिंगमध्ये जातात. तेथे त्यांना खळ लावतात, म्हणजे मागाच्या घर्षणाने धागा तुटत नाही. कापड विणून झाले की हीच खळ अडचण होते, कारण ती असेपर्यंत रंग धाग्यात शिरत नाही, आणि खळ स्टार्चची असेल तर ती उतरवण्याचे काम अमायलेज या विकराकडे, म्हणजे एन्झाइमकडे, सोपवतात. हे विकर स्टार्चच्या लांब साखळ्या तोडते, तुकडे पाण्यात विरघळतात, आणि कापडावर आयोडीनचा थेंब टाकून निळा रंग उमटेनासा झाला की खळ उतरली असे समजते. अडचण एवढीच की हे काम गरम पाण्यात लवकर होते आणि बहुतेक प्रथिनांची घडी गरम पाण्यात मोडते. बॅसिलस लायकेनिफॉर्मिस या जिवाणूचे ४८३ अवशेषांचे अमायलेज ९० अंश सेल्सिअसच्या आसपासही काम करते, ते त्याच्या घडीतील संपर्कांमुळे. त्यात कॅल्शियम, सोडियम आणि पुन्हा कॅल्शियम अशा तीन धातुकणांची रांग शृंखलेचे वेगवेगळे भाग एकत्र बांधून ठेवते, आणि पाण्यातील कॅल्शियम काढून घेतले की तेच विकर त्या उष्णतेला दुबळे ठरते. संशोधकांनी यात १३३व्या हिस्टिडिनच्या आणि २०९व्या अॅलनिनच्या जागी व्हॅलिन आणून ते आणखी टिकाऊ केले. सिकलसेलमध्ये जे व्हॅलिन विनाशाला कारण होते तेच येथे उपकारक ठरते, कारण अवशेष स्वतः चांगला किंवा वाईट नसतो. त्याच्या शेजारी कोण येते यावर सारे अवलंबून असते. रंगाईच्या हौदाशी काम करणाऱ्या कारागिराला पाणी मृदू की कठीण, हौद किती गरम, हे प्रश्न अनुभवाने ठाऊक असतात. त्या प्रश्नांची उत्तरे अवशेषांच्या क्रमांकांसह देता येतात, हे या पुस्तकाला दाखवायचे आहे.

महाराष्ट्रातील प्रयोगशाळांत या विषयाची परंपरा जुनी आहे, आणि मराठीत तिची नोंद फारशी झालेली नाही याची खंत वाटावी अशी तिची योग्यता आहे. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतील संशोधकांनी यॉर्कमधील सहकाऱ्यांबरोबर पेनिसिलिन व्ही अॅसायलेज या विकराची स्फटिकरचना १९९९ मध्ये प्रसिद्ध केली; तीत शृंखलेच्या अगदी टोकाचे सिस्टीनच रासायनिक काम करते असे दिसले. मुंबईत ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात म. वि. होसूर यांच्या गटाने एचआयव्ही विषाणूच्या प्रोटिएज या विकराच्या रचनांवर दीर्घकाळ काम केले. या विकरात ९९ अवशेषांच्या दोन सारख्या शृंखला असतात आणि दोघींतील २५वे अॅस्पार्टिक आम्ल समोरासमोर येऊनच काम होते. एकटी शृंखला निरुपयोगी. त्यातील ९०वे ल्युसिन बदलून मेथिओनिन झाले की काही औषधे परिणामकारक राहत नाहीत, आणि विशेष म्हणजे हा ९०वा अवशेष औषधाला स्पर्शही करीत नाही. तो २५व्याच्या लगतच्या अवशेषांना चिकटून असतो आणि त्याचा धक्का त्यांच्यामार्फत पोहोचतो. संपर्कांची यादी ही सुट्या जोड्यांची यादी नसून जाळे आहे, ही दृष्टी बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत सरस्वती विश्वेश्वरा यांनी आलेखशास्त्राच्या आधारे विकसित केली.

पुणे विद्यापीठाच्या जैवमाहितीशास्त्र केंद्राचे काम मराठी विद्यार्थ्याला आणखी जवळचे वाटेल. अ. श्री. कोळसकर आणि प्रसाद टोंगावकर यांनी १९९० मध्ये केवळ क्रमावरून प्रतिपिंडे कोठे चिकटतील याचा अंदाज बांधण्याची पद्धत दिली, जी आजही जगभर वापरली जाते. पण प्रतिपिंड शृंखलेचा सलग तुकडा ओळखतेच असे नाही, ते बहुधा घडीमुळे पृष्ठभागावर एकत्र आलेले दूरदूरचे अवशेष ओळखते. तेव्हा २००५ मध्ये उर्मिला कुलकर्णी-काळे, भोसले आणि कोळसकर यांनी रचनेवरून असे विखुरलेले पण शेजारी आलेले गट शोधणारी पद्धत संगणकावर सर्वांसाठी खुली केली. एकाच केंद्रातील या दोन कामांच्या मधल्या पंधरा वर्षांत क्रमाकडून शेजाराकडे झालेला प्रवास स्पष्ट दिसतो.

संगणकाच्या ताज्या यशानंतर हे सारे शिकण्याची गरज उरली आहे का, असे विचारले जाते. १९७१ मध्ये प्रथिन-रचनांचे जागतिक भांडार सुरू झाले तेव्हा त्यात सात रचना होत्या, आज त्या दोन लाखांहून अधिक आहेत, आणि २०२४ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक डेव्हिड बेकर, डेमिस हसाबिस आणि जॉन जंपर यांना प्रथिनांची घडी रचण्याच्या आणि तिचा अंदाज करण्याच्या कामासाठी मिळाले. मात्र या यशाचा पाया संपर्कांच्याच विचाराचा आहे. दोन अवशेष घडीत एकमेकांना खेटून असतील तर उत्क्रांतीच्या ओघात एक बदलला की दुसऱ्यालाही जुळवून घेत बदलावे लागते; हजारो जीवांतील एकाच प्रथिनाचे क्रम शेजारी मांडले की हे जोडीने झालेले बदल सापडतात आणि त्यांवरून न पाहिलेल्या घडीतील संपर्क ओळखता येतात. संगणकाने दिलेली घडी कितपत खरी, आणि खरी असली तर ती कशामुळे उभी आहे, हे शेवटी अभ्यासकाला संपर्क तपासूनच ठरवावे लागते.

या तपासणीत नवख्याचे पाय जेथे हमखास अडखळतात त्या जागा पुस्तकाने वेगळ्या काढल्या आहेत. एकाच पार्श्वशृंखलेच्या दोन पर्यायी स्थिती फाइलीत नोंदलेल्या असतील तर एकच संपर्क दोनदा मोजला जातो. स्फटिकात न दिसलेले अवशेष क्रमांकांत खिंडार पाडतात. आणि क्रमांक हे स्वतःच कधी फसवे असतात. ज्याला डॉक्टर बीटा-सहा म्हणत आले तोच अवशेष सुरुवातीचे, नंतर कापले जाणारे मेथिओनिन धरून मोजणाऱ्या आधुनिक जनुक-अहवालात सातवा येतो, आणि दोन अहवालांतील हा फरक न ओळखल्यास रुग्णाच्या नातेवाइकांनाही विनाकारण घोर लागतो. स्फटिकातील शेजारी रेणूंमध्ये केवळ रचून ठेवल्यामुळे झालेले संपर्क पेशीतील खरे संपर्क समजू नयेत, असाही नियम आहे, आणि तो बहुतांशी योग्यच आहे. परंतु सिकलसेलच्या हिमोग्लोबिनाच्या स्फटिकात दिसलेली दुपदरी रांग हीच नेमकी रुग्णाच्या पेशीतील दोराचा पाया निघाली, तेव्हा नियम पाळतानाही डोळे उघडे ठेवावे लागतात.

म्हणून पहिल्या प्रकरणाअखेरचा सराव याच रेणूवर दिलेला आहे. वाचकाने सिकलसेल हिमोग्लोबिनाची एक बीटा शृंखला घ्यावी, आधी ८ अँगस्ट्रॉमची आणि मग सर्व अणूंची ४.५ अँगस्ट्रॉमची यादी काढावी, आणि दोन्हींत सहा व पंच्याऐंशी ही जोडी शोधावी. ती सापडणार नाही. मग चारही शृंखला घेऊन ५७४ अवशेषांच्या १,६४,४५१ जोड्या तपासाव्यात; तेथेही ती नसेल. त्यानंतर स्फटिकातील शेजारचा रेणू मांडून यादी पुन्हा काढावी, आणि एका रेणूचा सहावा अवशेष दुसऱ्याच्या पंच्याऐंशीव्याशेजारी कोणत्या ओळीत, किती अंतरावर येतो ते वहीत आपल्या हाताने लिहावे.